एका आडनावाचा गठ्ठा

३ जून

ती. आत्यास,
खारीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही, तेव्हा आधी कान पकडते. तुझा गुडघा कसा आहे? मशीन पायाने चालवायचं सोड म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तर तू मशीन न सोडता डॉक्टरच सोडलास, असं शेजारच्या काकूंनी कळवलं. शाबास.

इकडे दप्तरखान्यात कामाचा डोंगर आहे. बावीस वर्षांपूर्वी आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं, ते तुला मी सांगितलं आहे. कोर्ट, दवाखाना, नगरपालिका, शाळा, तुरुंग, सगळ्यांचे जुने कागद तिथे होते. पाण्यात कचेऱ्यांचे शिक्के धुऊन गेले. आडनावं तेवढी वर ठळक काळ्या शाईत लिहिलेली, ती टिकली. तेव्हाच्या दप्तरदारांनी कागद वाळवले आणि आडनावाप्रमाणे गठ्ठे बांधून मोकळे झाले. जन्मात एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं त्यांनी एका दोरीने बांधून ठेवली. आता माझं काम म्हणजे ते गठ्ठे सोडायचे आणि ज्याचा कागद त्याच्या कचेरीत परत पाठवायचा.

परवा आपल्या आडनावाचा गठ्ठा हाती आला. आत्या, काय एकेक नग आहेत! एकाने शेजाऱ्याच्या कानाचा लचका तोडला आणि जबानीत सांगितलं की कान आपणहून तोंडात आला. एका बाईने कर मागायला आलेल्या कारकुनाच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतलं. दोघा चुलतभावांनी एकाच सकाळी एकमेकांचे दात पाडले आणि मग दवाखान्यात एकाच बाकावर रांगेत बसले. आपले कोण आणि परके कोण, देव जाणे. मी एकटीच हसत बसले होते. समोरचा कारकून मान वाकडी करून बघायला लागला.

मग त्याच गठ्ठ्यात आजोबांच्या खुनाची फाईल निघाली आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

आमच्या घरी मला एवढंच ठाऊक होतं की आजीने आजोबांना मारलं, दहा वर्षं तुरुंगात काढली, सुटल्यावर ती तुझ्याकडे राहिली आणि तुझ्याकडेच गेली. बाबांनी तिचं तोंड पुन्हा कधी पाहिलं नाही. तुझ्या भिंतीवर तिचा फोटो आहे म्हणून ते तुझ्या घरात पाऊल टाकत नाहीत. आजोबा तराजू आणि वजनं दुरुस्त करायचे, हेही मला फाईल वाचूनच कळलं. दुकानामागच्या खोलीत पाच किलोच्या लोखंडी वजनाने डोक्यावर तीन घाव. वेळ दुपारी तीनच्या सुमारास. आरोपी पत्नी. गुन्हा कबूल. सगळं मिळून सात कागद. दात पाडणाऱ्या चुलतभावांची फाईल याहून जाड आहे.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस आणि बाबा आठ. तुला काही विचारू की नको, हेच कळत नाही. गठ्ठा महिनाअखेरीस सुटायचा आहे. त्याआधी त्यातला आपला कागद न् कागद वाचायचा, असं ठरवलं आहे.

गुडघ्याला जप, आणि माझ्यावरचा लोभ या पत्रामुळे कमी करू नकोस.

तुझी,
खार

•

७ जून

चि. खारीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा माझ्या वयाला शोभेल असा आहे. काकूंना म्हणावं, दुसऱ्याच्या गुडघ्यावर लक्ष ठेवण्यापेक्षा स्वतःच्या गॅसवरच्या दुधाकडे बघावं.

तुला खार म्हणायला लागले ती मीच. लहानपणी तू बसची तिकिटं, चिठ्ठ्या, चॉकलेटचे कागद, दिसेल ते उशीखाली साठवायचीस. पण काही गोष्टी पुरलेल्याच बऱ्या असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तू विचारत नाहीस म्हणतेस आणि पानभर विचारतेस, म्हणून एकदाच सांगते. तो माणूस वाईट होता. दारू प्यायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. शांतपणे मारायचा. वजनात एक तोळ्याचा फरक आला तर तासभर घासत बसणारा माणूस, मारतानाही तितकाच नेटका. आईला कुठे मारलं तर पदराखाली झाकलं जाईल, हे त्याला बरोबर माहीत होतं. आम्हाला शिक्षा म्हणजे डोक्यावर वजन धरून स्टुलावर उभं राहायचं. मी मुलगी म्हणून दोन किलो, तुझ्या बापाला पाच. हात खाली आला की मांडीवर पट्टी. तुझा बाप आयुष्यभर तराजूच्या दुकानात शिरला नाही, तो काही उगाच नाही.

आईने जे केलं ते केलं, आणि त्याची भरपाई तिने केली. आता तो गठ्ठा तू महिनाअखेरीची वाट न बघता उद्याच सोड. कागद आपापल्या घरी जाऊ देत. शिळ्या कढीला ऊत आणून कुणाचं पोट भरत नाही.

तुझ्या बापाला यातलं अक्षर कळवू नकोस. हे मी रागाने लिहीत नाही, विनवणी करते आहे असं समज.

माया आहे तशीच आहे, फक्त माझं ऐक.

तुझी,
आत्या

•

१२ जून

ती. आत्यास,
खारीचा सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, आणि ऐकलं नाही ते बरंच झालं. आत्या, खुर्चीवर बस आणि मग पुढचं वाच.

आजीने खून केलेला नाही.

दवाखान्याचे तिचे सहा केसपेपर गठ्ठ्यात आहेत. दोन बरगड्या, कानाचा पडदा, खांदा, पाठीवर भाजल्याच्या खुणा, पुन्हा बरगडी. प्रत्येकावर कारण एकच: पायरीवरून पडली. त्याच गठ्ठ्यात नगरपालिकेचा घरपाहणीचा कागद आहे, खोल्यांच्या नकाशासकट. पुढे दुकान, मागे खोली, मोरी, सगळं रस्त्याच्या पातळीत. त्या घराला पायरीच नव्हती! दवाखान्यातल्या माणसाने सहा वेळा ते लिहून घेतलं आणि सहा वेळा शाई टिपून कागद बाजूला ठेवला. मला इतका संताप आला की टाचणी बोटात घुसली तरी कळलं नाही.

सहावा कागद खुनाच्या तीन दिवस आधीचा आहे. उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली, बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे काढायचं नाही. आता शवविच्छेदनाचा कागद घे. डॉक्टर स्पष्ट लिहितो की वजन दोन्ही हातांनी धरून वरून खाली आणलेलं आहे. प्लास्टरमधल्या हाताने बाई साधा पेला उचलू शकत नाही, पाच किलोचं वजन कुठून उचलणार?

हे तिन्ही कागद तिघांच्या कपाटांत होते. कोर्टाने दवाखान्याला विचारलं नाही आणि दवाखान्याने कोर्टाला सांगितलं नाही. पाणी शिरलं नसतं आणि त्या वेंधळ्या दप्तरदारांनी आडनाव बघून दोरी बांधली नसती, तर हे कागद कधीच शेजारी शेजारी आले नसते.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. पंचनाम्यात तिच्या प्लास्टरचा शब्द नाही. खोलीत एक स्टूल उपडं, आणि जमिनीवर भिंतीचा पांढरा चुना पडलेला, एवढंच लिहिलं आहे. तुरुंगाच्या कागदावर ओळखीची खूण म्हणून उजवा हात वाकडा अशी नोंद आहे. पोलिसांना प्लास्टर दिसलं कसं नाही?

मारणारा कोणी का असेना. दुकानात येणारं कुणी गिऱ्हाईक असेल, कुणाला वजनात फसवलं असेल. आजीने कबुली का दिली तेही मला माहीत नाही. पण बाबा एकाहत्तर वर्षांचे झाले. आपल्या आईने आपल्या बापाला मारलं या एकाच गोष्टीवर त्यांनी सगळं आयुष्य उभं केलं आहे. अजून घड्याळं दुरुस्त करतात, पण तुझं नाव निघालं की डोळ्यावरची काचही काढत नाहीत. त्यांना हे कळलं तर ते तुझ्या घरी येतील. फोटोसमोर उभे राहतील. मला तुम्हा दोघांना एका खोलीत बघायचं आहे, आत्या. अजून तरी मी तसं कधी पाहिलेलं नाही.

तुझं उत्तर आलं की बाबांना नक्कल पाठवते. या वेळी आशीर्वाद जरा जास्त दे.

तुझी,
खार

•

१५ जून

चि. खारीस,
आशीर्वाद.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. पाठवलं नसशील तर बापाला काही पाठवू नकोस, आधी हे वाच.

गिऱ्हाईक नव्हतं कुणी. मी होते.

त्या दिवशी मी शाळा बुडवली होती. आई मोरीत डाव्या हाताने भांडी घासत होती. एक पितळी भांडं निसटलं आणि आवाज झाला. आवाज झाला एवढाच अपराध. त्याने तिला केसांना धरून खोलीत ओढलं, पालथी पाडली आणि त्या प्लास्टरच्या हातावर उभा राहिला. नीट, दोन्ही पाय जुळवून. ती ओरडली नाही. आम्ही त्या घरात कुणीच ओरडायचो नाही. मग तो खाली वाकला आणि तिच्या मानेवर गुडघा ठेवला. मी स्टुलावर चढले, वजन उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. तीनदा घातलं. भोपळा फुटावा तसा आवाज आला, तो मला शिवणाच्या मशीनच्या आवाजातसुद्धा ऐकू येतो.

तुझा बाप तेव्हा पुढच्या दुकानात झोपला होता. त्याने काही पाहिलं नाही. आईने मला मोरीत नेऊन धुतलं, शाळेचे कपडे घातले आणि बजावलं की तू शाळेत होतीस, विषय संपला. ती माझ्या जागी गेली. महिन्यातून एकदा मी तिला भेटायला जायची तेव्हा ती जाळीतून माझे हात बघायची, नखं कापली आहेत की नाहीत ते.

माझ्या भावाने तिच्यावर राग धरला आणि मी धरू दिला, हा माझा दुसरा गुन्हा. तू इतकं सगळं काढलंच आहेस आणि आता त्याला सांगितल्याशिवाय तुझ्या जिवाला चैन पडणार नाही, हे मला माहीत आहे. तर मग हे सांग. माझं हेच पत्र पाठव त्याला. आईवरचा राग त्याने माझ्यावर घ्यावा, माझा हात धड आहे, मला पेलेल. फक्त आता आणखी कागद उकरू नकोस. उत्तर मिळालं ना? आता गठ्ठा सोड.

तू माझ्यावर रागावणार असशील तर रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

तुझी,
आत्या

•

२० जून

ती. आत्यास,
खारीचा सा. न.

हे पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

तुझं पत्र सतराला मिळालं. मी जागेवरच रडले. तुझ्यावर रागावले नाही, उलट तुला कुशीत घ्यावंसं वाटलं, अकरा वर्षांच्या तुला. आणि तू सांगितलंस म्हणून त्याच दुपारी तुझं पत्र आणि केसपेपरची नक्कल बाबांच्या पत्त्यावर टाकली. मागचापुढचा विचार केला नाही. एवढी एकच घाई मला नडली.

काल गठ्ठ्याच्या तळाशी दोन पुठ्ठे एकमेकांना चिकटलेले सापडले. टिपकागद घालून हळूहळू सोडवले. शाळेची हजेरीपत्रकं. तुमच्या शाळेत दर मुलाचं वेगळं पत्रक असायचं, वर आडनाव, खाली तारखा. एक तुझं, एक बाबांचं.

त्या दिवशी तू हजर आहेस, सकाळीही आणि दुपारीही. नुसती खूण असती तर म्हटलं असतं, बाईंची चूक झाली. पण बाईंनी पुढे लिहिलं आहे की दुपारच्या तासाला तू एकोणतीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हणून दाखवलेस, शाबासकी. शाळा सुटायची साडेचारला. खून तीनला झाला.

बाबांच्या पत्रकावर त्या दिवशी गैरहजर. कारणाच्या रकान्यात: वडिलांनी शिक्षेसाठी घरी ठेवले.

आत्या, पाच किलो कुणाच्या डोक्यावर असायचं, ते तूच सातला लिहिलं होतंस. रागाच्या भरात खरं लिहून गेलीस आणि पंधराला खोटं रचायला बसलीस. मला वाटलं होतं मी आजीला सोडवते आहे. मी तर बाबांना धरून दिलं.

मी त्यांना काही सांगणार नाही. त्यांना आठवत नसेल, आठव्या वर्षीचं कुणाला आठवतं? ते तुझ्यावर रागावतील, आणि तू ते सोसशील, जसं आजीने सोसलं. मला हे मान्य नाही, पण दुसरं काही सुचत नाही. बाबांचं हजेरीपत्रक मी काढून माझ्या खणात कुलपात ठेवलं आहे. एकोणीस वर्षांच्या नोकरीत कागदाला असा हात लावायची ही पहिली वेळ. उरलेला गठ्ठा तीस तारखेला सुटेल.

मला माफ कर. तू सांगितलंस तेव्हा थांबायला हवं होतं.

तुझीच,
खार

•

२४ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

त्रेसष्ट वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे म्हणायचं, कारण आजवरची माझी पत्रं म्हणजे पोचपावत्या होत्या. अक्षर वाईट आलं तर समजून घे. घड्याळाच्या स्क्रूला सरावलेल्या हाताला एवढं लिहायची सवय नाही.

खारीने तुझं पत्र पाठवलं. वाचलं. ताई, तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. त्या दिवशी तू शाळेत होतीस. मला पक्कं माहीत आहे, कारण मी स्टुलावर उभा राहून तुझी शाळा सुटायची वाट बघत होतो. तू आलीस की तो तुला पाणी आणायला सांगायचा आणि तेवढ्यात मला हात खाली घेता यायचे.

बाकी तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. भांडं पडलं. तो तिच्या हातावर उभा राहिला, पाय जुळवून. हे तुला आईने सांगितलं असणार, पुढचं तिने सांगितलेलं दिसत नाही. तो माझ्या अगदी पुढ्यात वाकला, मानेवर गुडघा ठेवून. माझे हात सकाळपासून वर होते. पहिल्यांदा वजन सुटलं की मी सोडलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो कुशीवर पडला आणि हलत होता. मग मी स्टुलावरून उतरलो, वजन उचललं आणि आणखी दोनदा घातलं. ते दोन सुटले नव्हते. ते मी घातले.

आई उठली. रडली नाही, मला मारलं नाही, कुशीत घेतलं नाही. तिने माझे हात धुतले. मग मोरीत बसली, प्लास्टरवर बादलीभर पाणी ओतलं, ते नरम होईना, तेव्हा तेच वजन डाव्या हातात घेतलं आणि स्वतःच्या मोडक्या हातावर घालायला लागली. प्लास्टर फुटेपर्यंत. दात पदरात रोवले होते. मी मोजत होतो, चौदा घाव. मोरीतून खोलीत उडालेले तुकडे पंचांना भिंतीचा चुना वाटले. खारीने नकलेसोबतच्या चिठ्ठीत पंचनाम्याचं कोडं लिहिलं होतं, त्याचं उत्तर हे. हात मोकळा झाल्यावर तिने मला दुकानात गोणपाटावर निजवलं आणि सांगितलं की तू झोपला होतास, तुला काही माहीत नाही. मी म्हटलं, बरं.

ते बरं मी आजतागायत पाळलं. आईने सांगितलेलं मी ऐकलं ते एवढंच.

मी तिच्यावर कधीच रागावलो नव्हतो, ताई. तिच्यासमोर उभं राहायची छाती नव्हती. तिचा वाकडा हात बघितला असता तर मी जागेवर सगळं ओकलो असतो, आणि मग तिची दहा वर्षं पाण्यात गेली असती. लोकांनी त्याला राग म्हटलं आणि मी म्हणू दिलं. राग सांगायला सोपा असतो. तिच्या शेवटच्या दिवशी तुझी तार आली तेव्हा मी दुकान उघडं ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत एकच घड्याळ सोळा वेळा खोललं आणि जोडलं. मला वाटायचं, तुलाही यातलं काही माहीत नाही. तुला वाटायचं, मला आठवत नाही. दोघं एकाच दाराला दोन्हीकडून पाठ लावून बसलो होतो.

माझ्या जागी आई गेली. आता तू जायला निघालीस. आणि माझ्या पोरीने कागद लपवला आहे, असं काल तिच्या फोनवरच्या आवाजावरून कळलं. विचारल्यावर ती एवढंच म्हणाली की पुठ्ठा खणात आहे आणि गठ्ठा तीसला सुटेल, आणि रडली. पुरे झालं. एका माणसाला वाचवायला तीन बायका पुष्कळ झाल्या, आणि तो माणूस तेवढ्या योग्यतेचा नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. फोटो भिंतीवरून काढू नकोस. मला त्याच्यासमोर थोडा वेळ उभं राहायचं आहे, हात खाली सोडून. तू शेजारी उभी राहा.

हे पत्र वाचून झालं की ठेवून घेऊ नकोस, खारीकडे पाठव. तिला माझा निरोप दे की खणातला पुठ्ठा काढून जिथला तिथे ठेव, केसपेपरच्या शेजारी. आणि तीस तारखेच्या आत हे पत्रही त्याच गठ्ठ्यात सगळ्यांत वर बांध. कुणी विचारलं की याचा इथे काय संबंध, तर सांग म्हणावं, आडनाव तेच आहे.

लोभ मागायचं तोंड नाही. तुझा आहे तो घ्यायला येतो.

तुझा,
धाकटा